समुद्राकाठचे जोडघर

आमच्या दादांनी १९५० च्या सुमारास श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावी घर बांधले, ते दोन मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. छप्पर एक, मधली भिंत एक, बाकी सगळे दोन-दोन. दोन ओट्या, दोन माजघरे, दोन जिने, दोन माड्या. गावात त्याला जोडघर म्हणतात. शहरातल्या जाहिरातीत असेच काही डुप्लेक्स म्हणून विकले जाते. उत्तरेकडची बाजू अब्बांची, दक्षिणेकडची चाचांची. अब्बा गेले, चाचाही गेले. चाचांचे मुलगे कुवेत आणि मुंबईला, आम्ही पनवेलला. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या सुटीत आणि ईदला, कुलूप उघडायचे, कोळिष्टके काढायची, चार दिवस राहायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे, असे वीस वर्षे चालले होते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. लॉकडाऊन होता, फोन बंद, गावात कित्येक दिवस वीज नाही. आम्हाला ऑगस्टमध्ये जाता आले. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या पडल्या होत्या, अर्धे माड गेले होते. चाचांच्या बाजूचे छप्पर नव्हतेच. तिथली कौले काढून त्यांनी काही वर्षांपूर्वी पत्रे घातले होते. ते उडून शेजारच्या वाडीत जाऊन पडले. आमच्या बाजूची कौलेही बरीच निसटली होती, पण वासे जागेवर होते. माडीवर उभे राहिले की एका बाजूला आभाळ आणि दुसऱ्या बाजूला काळोख, अशी अवस्था.

त्याच महिन्यात एका हॉटेलवाल्याने निरोप धाडला. घर पाडून समुद्राकडे तोंड असलेल्या सहा खोल्या बांधायचा त्याचा विचार होता. रक्कम चांगली होती. चाचांचा मोठा मुलगा म्हणाला, "भाई, आपण कोण राहणार तिथे? देऊन टाकू." आमच्या मनातही क्षणभर तेच आले, हे कबूल करायला हवे. दोघेही शाळेत शिकवणारे; एवढे मोठे घर उभे करायला पैसा आणायचा कुठून?

मग सही कोणाकोणाची लागेल, हा प्रश्न निघाला. आणि तिथे फूफींचे नाव आले.

दादा १९७४ साली वारले. दादी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. शरियतप्रमाणे पाच वाटे होतात. दोन-दोन वाटे मुलांचे, एक मुलीचा. म्हणजे घराचा, वाडीचा पाचवा हिस्सा फूफींचा. पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर नावे होती फक्त अब्बांची आणि चाचांची. कोणी फसवले म्हणावे, तर तसेही नाही. लग्नात दिले की, घर तर भावांचेच, असे धरून सगळे चालले आणि फूफीही कधी बोलल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरातला थकलेला हिस्सा आपल्याला चटकन दिसतो. आपल्या घरातला दिसायला आम्हाला वादळ लागले.

आम्ही मुंब्र्याला त्यांच्याकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, नजर मात्र तीक्ष्ण. चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर घेतले. विकले तर तुमचा पाचवा वाटा रोख मिळेल, ठेवले तर जागा मिळेल, तुम्ही म्हणाल तसे, असे आम्ही सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी पैसे घेऊन काय करू, बाळा? मला तिथे खाली एक खोली द्या. वर चढवत नाही आता. आणि ती खोली माझी, म्हणजे माझीच. पाहुणी म्हणून बोलवू नका मला."

विक्रीचा विषय तिथे संपला. वाटणीपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवले, वारस नोंद केली. कागद व्हायला जवळजवळ दोन वर्षे गेली. तोवर छपरावर ताडपत्री. कोणाला वडिलोपार्जित घराचे काम काढायचे असेल, तर आमचे सांगणे हेच, की विटेला हात लावण्याआधी हे उरका. पैसा ओतल्यावर हिश्शाची गोष्ट काढली, तर ती भांडणासारखी वाटते.

दुसरा कागद समुद्राचा. किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम १९९१ पासून आहेत, २०११ आणि २०१९ मध्ये ते बदलले. गावाच्या वर्गवारीप्रमाणे भरतीरेषेपासून किती अंतरात नवे बांधकाम चालत नाही, ते ठरते. कुठे ५० मीटर, कुठे २००. आमचे घर त्या पट्ट्यात येते. मात्र पूर्वीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते. जोत्याचे क्षेत्र आणि चटई क्षेत्र वाढवायचे नाही, एवढे सांभाळायचे. म्हणून दादांच्या काळापासूनच्या घरपट्टीच्या पावत्या आमच्या कामी आल्या. अम्मींनी त्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. हॉटेलवाल्याच्या सहा खोल्या या नियमात कशा बसणार होत्या, हे त्यालाच ठाऊक.

नोव्हेंबर २०२२ मध्ये काम सुरू झाले. पहिला कंत्राटदार शहरातला. त्याने घर पाहिले आणि म्हणाला, लाकूड सगळे काढा, स्लॅब टाका, भिंतींना सिमेंटचे प्लास्टर करा, पश्चिमेला मोठी काच लावा, झाले तुमचे बीच हाऊस. चुलतभावाला हे फार आवडले. त्याने तशा घरांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. पांढऱ्या भिंती, काचेचा कठडा, वेताचे गोल झुले.

आम्हाला नाही पटले, आणि त्याचे कारण आमच्याच चुकीत होते. २००४ साली, आमच्या लग्नाच्या वर्षी, उत्तरेकडच्या भिंतींना आम्ही हौसेने सिमेंट प्लास्टर करून घेतले होते. तीन-चार पावसाळ्यांत पोपडे धरले. पुन्हा लिंपले, पुन्हा पडले. रंगाचे डबे ओतले. याउलट मागच्या बाजूच्या ज्या दोन खोल्यांत नारळ आणि सरपण असायचे, तिथे आम्ही पैसे वाचवले होते. त्यांच्या भिंती जुन्या चुन्यात तशाच होत्या, आणि धड होत्या.

असे का, ते आम्हाला दुसऱ्या मिस्त्रींनी दाखवले. साठीचा माणूस, तालुक्यातलाच, जुनी घरे आणि मंदिरे-मशिदींची डागडुजी करत आलेला. त्यांनी छिन्नीने प्लास्टरचा एक तुकडा उचकटला. मागे जांभ्यावर पांढरी पिठी होती. बोट लावून जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, चाखून बघा." खारट. जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र. तो जमिनीतून आणि पावसातून ओल घेतो, समुद्राच्या वाऱ्यातले मीठही त्यात शिरते. भिंतीला चुन्याचा लेप असेल, तर ओल त्यातून बाहेर पडते, भिंत कोरडी होते. सिमेंट ही वाट बंद करते. पाणी प्लास्टरच्या मागे अडते, मिठाचे खडे तिथेच बनतात, फुगतात आणि प्लास्टर ढकलून पाडतात. आम्ही वीस वर्षे रंगाला दोष देत होतो.

मग सगळे सिमेंट हाताने उतरवले. मशीन लावू दिले नाही, कारण चिऱ्याचे तोंड फुटले की तो आतून मऊ. मीठ कोरड्या कुंच्याने झाडले. धुतले असते, तर पुन्हा आत गेले असते. बाहेरच्या अंगणात आम्हीच घातलेली सिमेंटची फरशी जोत्यापेक्षा वर आली होती आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी ढकलत होती. ती फोडली, माती उतरवली, भिंतीलगत खडीचा पट्टा ठेवला. आणि मिस्त्री म्हणाले, "आता घरी जा. एक पावसाळा जाऊ द्या." छप्पर तेवढे करून घेतले. पावसाळ्यात पश्चिमेच्या अंगाला माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधली, पूर्वी दरवर्षी बांधायचे तशी. उघड्या लाल भिंतींचे ते घर पाहून गावातले लोक विचारायचे, पैसे संपले का? थोडेफार तेही खरे होते. व्याजाचे कर्ज घ्यायचे नव्हते, म्हणून भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेत काम तीन हंगामांत तोडले होते. भिंतीला वाळायला वेळ हवा होता आणि आम्हाला साठवायला, दोघांचे जमले.

पुढच्या हिवाळ्यात चुना. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदून उकळतो. मुलांना लांबच ठेवले. निवल्यावर तो पाण्याखाली कित्येक आठवडे ठेवायचा, जितका मुरेल तितका बरा. नदीची चाळलेली वाळू, किनाऱ्याची नाही. किनाऱ्याची वाळू म्हणजे भिंतीत हाताने मीठ भरणे. मिस्त्री त्यात गुळाचे पाणी घालायचे. पातळ थर, मग थांबणे, मग दुसरा थर. उन्हाने तडकू नये म्हणून दोन-तीन आठवडे ओली पोती. चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेत घेत सावकाश दगड होतो, त्याला घाई चालत नाही. आमच्या मुलीने दहावीच्या विज्ञानात हे समीकरण लिहिले होते; भिंतीवर घडताना तिने पहिल्यांदा पाहिले. शेवटी चुन्याचीच सफेदी, त्यात चिमूटभर नीळ. फोटोतल्या पांढऱ्या भिंती चुलतभावाला मिळाल्या, त्याही रंगाच्या डब्याशिवाय.

स्लॅबबद्दल थोडेच सांगतो. किनाऱ्यावर काँक्रीट वाईट असे नाही, पण ते किनाऱ्याचे असावे लागते. आयएस ४५६ या भारतीय मानकात किनारी हवेत उघड्या असलेल्या आरसीसीसाठी किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. आमच्याकडे २० मिलिमीटरचे काम सर्रास दिसते. खारी हवा आत पोहोचते, सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फुटून खाली पडते. गावात गेल्या पंधरा-वीस वर्षांतले असे कितीतरी सज्जे दिसतील. आम्ही स्लॅब फक्त दोन न्हाणीघरांवर टाकला. माडीची लाकडी जमीन ठेवली. पश्चिमेच्या भिंतीत घुसलेली तुळयांची टोके कुजली होती. तेवढीच कापून जुन्या सागवानाचे जोड दिले, ३१६ प्रतीच्या स्टीलच्या बोल्टांनी. बाजारात स्टेनलेस म्हणून मिळते ते बहुधा ३०४. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते, म्हणून ते मिठाला जास्त टिकते. महाग आहे. कड्या-बिजागऱ्या मात्र पितळीच घेतल्या. दादांच्या काळच्या आजही चालतात, मग नव्यासाठी डोके कशाला लढवायचे!

छपरावर पुन्हा मंगळुरी कौले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा पहिला कारखाना काढला आणि तिथून ही कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. जुनी निम्मी तरी वाचली, उरलेली पडक्या घरांतून विकत घेतली. वादळाचा धडा म्हणून कडेच्या आणि कोन्याच्या कौलांना तारेने रिपांशी बांधले आणि वाशांना भिंतीशी पट्ट्यांनी जखडले. वारा कौले वरून दाबत नाही, खालून उचलतो.

आता मोठ्या काचेची गोष्ट. चुलतभाऊ शेवटपर्यंत अडून होता. समुद्राकाठी घर आणि समुद्र दिसायचा नाही? त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण आम्ही गावातली जुनी घरे मोजत फिरलो तेव्हा लक्षात आले, की जवळजवळ सगळी समुद्राकडे पाठ करून आहेत. ओटी पूर्वेला, रस्त्याकडे. पश्चिमेला कोठीच्या खोल्या, लहान खिडक्या, जाड भिंत. ज्यांचे बाप-भाऊ जहाजावर जायचे, त्यांना घरात बसून समुद्र पाहण्याची हौस नव्हती. पाऊस, वारा, मीठ, सगळे तिकडूनच यायचे. समुद्र पाहायचा तर माणूस उठून किनाऱ्यावर जायचा.

तडजोड अशी झाली, की पश्चिमेची पडवी पूर्वी होती तेवढ्याच जागेवर पुन्हा उभी केली. खिडक्या तेवढ्याच ठेवल्या, त्यांना फणसाच्या लाकडाची झडपे केली. पडवीत बसायला चिऱ्याचा कट्टा आणि खाली लाल कोबा. काचेतून दिसला असता त्याहून जास्त समुद्र तिथून दिसतो, आणि पुसायला काच नाही. चुलतभाऊ आला की तिथून उठत नाही. मात्र काच लावली असती तर आणखी बरे झाले असते, हेही म्हणायला विसरत नाही.

फूफींच्या खोलीने मधल्या भिंतीचा प्रश्न उभा केला. त्यांचा हिस्सा दोन्ही बाजूंतून निघतो, म्हणून खालच्या मागच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. एक आमच्याकडची, एक चाचांकडची, मधे ती भिंत. याच त्या चुन्याच्या, न बिघडलेल्या खोल्या. कोणीतरी सुचवले, की भिंतच काढा, मोठे दालन होईल. मिस्त्रींनी नाही म्हटले. दोन्ही माड्यांच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. दोन तुळयांच्या मधली जागा बघून, वर जाड लाकडी पाटण देऊन तीन फुटी दरवाजा काढता येईल, तेवढाच. तो काढला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा अंगणात न जाता आमच्याकडून चाचांकडे जाता येऊ लागले. पण वाट फूफींच्या खोलीतून असल्याने विचारूनच जावे लागते.

त्यांच्या न्हाणीघरात पाश्चात्त्य पद्धतीचे भांडे, धरायला दांड्या, उंबरा नाही. वुजूसाठी बसून पाय धुता येतील असा कट्टा. भांडे बसवताना प्लंबरने ते पश्चिमेकडे तोंड करून ठेवले होते. आमच्या किनाऱ्यावर किब्ला समुद्राच्या बाजूला, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे. आमच्या आधी ते मिस्त्रींच्याच लक्षात आले. "मास्तर, हे फिरवायला हवे ना?" म्हणाले, आणि पाइप जोडण्याआधी फिरवून घेतले.

सजावट म्हणावी असे फार काही केले नाही. झोपाळा होताच, त्याच्या पितळी कड्या चिंचेने घासल्या. चाचांनी जहाजावरून आणलेली शिसवी पेटी वाळवीतून वाचली. आता तीत मच्छरदाण्या असतात. माजघरातल्या कोनाड्यात दादांची उर्दू पुस्तके होती. निम्म्यांना बुरशी आलेली, पाने चिकटलेली. आम्ही दोघांनी दिवाळीच्या सुटीत एकेक पान सावलीत सुटे करून वाळवले. जी जगली ती परत भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली नाहीत, भिंतीपासून वीतभर पुढे काढलेल्या उघड्या फळीवर ठेवली. बंद कपाट हा किनाऱ्यावर बुरशीचा कारखाना. गाद्या कापसाच्या, पडदे सुती, धुऊन उन्हात टाकता येतील असे. प्लायवूडचे काही आणू नका, दोन पावसाळ्यांत फुगते.

खर्च दोन्ही घरांचा मिळून अठरा लाखांच्या आसपास गेला. फूफींच्या वाट्याचा आम्ही निम्मानिम्मा उचलला. पन्नास वर्षे न मिळालेल्या हिश्शापुढे तो काहीच नव्हता.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. चुलतभावाला आपली बाजू पर्यटकांना द्यायची आहे. निवास-न्याहारी योजना आहे, त्यात नोंदणी करता येते, गावात काही घरांनी केलीही आहे. घर बंद राहण्यापेक्षा वापरात राहिलेले बरे, हे आम्हालाही मान्य. बंद घराला वाळवी आधी लागते. आमची अडचण वेगळी आहे. येणारे कोण असतील, दारू चालणार नाही हे त्यांना कोण सांगणार, आणि फूफी तिथे असताना पडवीत अनोळखी माणसे बसली तर? चुलतभाऊ म्हणतो, कुटुंबांनाच देऊ, नियम दारावर लिहू. फूफींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "मी नसेन तेव्हा द्या. मी असेन तेव्हा मला विचारा." यंदा दोन्ही घरे बसून ठरवणार आहोत.

एप्रिल २०२४ मध्ये, ईदच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही त्यांना मुंब्र्याहून गाडीने नेले. उतरल्यावर त्यांनी आधी घर पाहिलेच नाही, विहिरीवर गेल्या, पाणी अजून गोड आहे का ते चाखले. मग काठी टेकत आत आल्या. मधल्या भिंतीतल्या नव्या दरवाजातून या खोलीतून त्या खोलीत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पलंग खिडकीपासून लांब लावला होता, तो खिडकीखाली सरकवायला सांगितला. संध्याकाळी मिस्त्री चुन्याच्या कामाचे उरलेले पैसे घ्यायला आले. फूफींनी त्यांना पडवीत बसवले, चहा दिला आणि विचारले, "दाराला आतून कडी लावली नाहीत तुम्ही. उद्या लावाल?"